आई, मावशी आणि जपानचे नऊ दिवस

जपानला जायचं ठरलं तेव्हा घरात आणि सोसायटीत सगळ्यांनी भाषेचीच भीती घातली. तिकडे कोणी इंग्रजी बोलत नाही, पाट्या वाचता येणार नाहीत, दोन म्हाताऱ्या बायकांना घेऊन कुठे हरवशील वगैरे. आता जाऊन आल्यावर सांगते, भाषेने आमचं एकदाही अडलं नाही. अडलं ते दोनच गोष्टींनी, एक सामान आणि दुसरं म्हणजे दाशी. दाशी काय ते पुढे येईलच. आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जायचा विचार करत असाल तर बाकी काही विसरलात तरी चालेल पण या दोन गोष्टींची तयारी इथूनच करून जा, म्हणून हे सगळं दिवसावार लिहितेय.

आम्ही तिघी. मी, आई (६८) आणि तिची धाकटी बहीण म्हणजे माझी मावशी (६४). आई कडक शाकाहारी, मावशी अंडं खाते, मी सगळं खाते. नोव्हेंबरचा मध्य निवडला कारण थंडी सोसेल इतकीच असते आणि क्योटोला मेपलची पानं लाल व्हायला लागलेली दिसतात.

जाण्याआधी

व्हिसा आता ऑनलाइन मिळतो, २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना टुरिस्ट ई-व्हिसा सुरू झालाय. पण एक लक्षात ठेवा, विमानतळावर तो नेट चालू ठेवून फोनवर त्यांच्या साइटवर लाइव्ह उघडून दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आई-मावशीचे दोन्ही व्हिसा मी माझ्याच फोनवर लॉगिन करून ठेवले होते. इमिग्रेशन आणि कस्टम्सचा फॉर्म पण 'व्हिजिट जपान वेब'वर आधीच भरता येतो, क्यूआर कोड मिळतो, तो भरूनच जा, लांबच्या प्रवासानंतर उभं राहून फॉर्म भरायची ताकद नसते.

औषधांचं जरा नीट बघा. आपल्याकडच्या काही सर्दीच्या गोळ्यांमधे स्यूडोएफेड्रिन असतं आणि काही खोकल्याच्या औषधांत कोडीन, या दोन्हीबाबत जपानचे नियम फार कडक आहेत. मी आईची सर्दीची नेहमीची पट्टी घरीच ठेवली. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. एक महिन्यापेक्षा जास्त दिवसांच्या प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या न्यायच्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे मोजून न्या. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. आम्ही मेतकूट, दशम्या, दाण्याची चटणी आणि गरम पाणी घालून होणारा उपमा नेला होता, आणि तो उपमा नसता तर आईचे दोन दिवस उपाशी गेले असते हे आत्ताच सांगून ठेवते.

प्लग दोन चपट्या पिनांचा लागतो. वीज १०० व्होल्टची, त्यामुळे आपली घरची किटली नेऊन उपयोग नाही, तसंही हॉटेलच्या खोलीत किटली असतेच.

तिकीट काढताना जाताना टोकियो आणि येताना ओसाकाजवळचं कानसाई विमानतळ असं घेतलं, दोन्ही वेळा व्हाया बँकॉक. त्यामुळे परत टोकियोला यायचा शिनकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा खर्च आणि एक आख्खा दिवस वाचला. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांनी ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास, घेतला नाही. तो ऑक्टोबर २०२३ मधे एकदम महाग झाला, सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, आणि टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट १४,००० च्या आसपास पडतं, तेव्हा आमच्यासारख्या एकाच दिशेने जाणाऱ्यांना तो परवडतच नाही. अजूनही खूप जण जुन्या सल्ल्यावर विसंबून पास घेतात, कृपा करून आधी बेरीज करून बघा.

दिवस पहिला - नारिता ते उएनो

नारितावरून टोकियो बरंच लांब आहे. आम्ही उएनोला हॉटेल मुद्दाम घेतलं कारण स्कायलायनर ट्रेन थेट उएनोला पाऊण तासाच्या आत पोचवते, मधे कुठे बदलायचं नाही. सीट रिझर्व्ह, बॅगांना जागा.

विमानतळावरच तिघींना तीन वेलकम सुइका कार्डं घेतली. हे आपल्या मेट्रो कार्डासारखं, पैसे भरायचे आणि गेटला टेकवायचं. प्रत्येकीला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघी आत जाऊ शकत नाही. २८ दिवस चालतं, डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत म्हणून थोडे थोडे भरत जा. हेच कार्ड क्योटो-ओसाकाच्या लोकल-बसला पण चालतं, दुकानात पाण्याच्या बाटलीला चालतं, लॉकरला चालतं. टोकियोत जेआर, टोकियो मेट्रो आणि तोएई अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत आणि सुट्टी तिकिटं काढायला गेलात तर डोकं फिरतं, कार्ड असलं की कुठली कंपनी हा प्रश्नच येत नाही.

कॅश मात्र हवी. सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधे आपली कार्डं चालतात. देवळं, छोटी खाणावळ, नाणी टाकायची मशीनं, सगळीकडे रोख. आणि दुकानात पैसे हातात देत नाहीत, काउंटरवर छोटा ट्रे असतो त्यात ठेवायचे, सुट्टे पण बहुतेक त्यातच मिळतात. मावशी पहिल्या दिवशी कॅशियरच्या हातात नोट द्यायला हात पुढे करायची आणि ती मुलगी हसून ट्रे पुढे सरकवायची, दोन दिवसांत सवय झाली. टिप अजिबात द्यायची नाही. ठेवलेले पैसे विसरले समजून लोक मागे धावत येतात.

हॉटेलची खोली अगदी लहान, दोन बॅगा उघडल्या तर पाय ठेवायला जागा नाही. पण टॉयलेटला जेट आहे, गरम पाण्याचा! आईची निम्मी चिंता तिथेच मिटली. बटणं जपानीत असतात, फ्लश कुठला ते आधी बघून ठेवा.

दिवस दुसरा - आसाकुसा, आणि आईचं जेवण

सकाळी लवकर सेन्सोजी, म्हणजे आसाकुसातलं बौद्ध देऊळ. नऊनंतर तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, आम्ही साडेसातला पोचलो तर दुकानं बंद होती पण देऊळ शांत, उदबत्तीचा धूर अंगावर घेणाऱ्या चार आज्या आणि आम्ही तिघी. शंभर येन टाकून ओमिकुजी म्हणजे भविष्याची चिठ्ठी काढता येते. सेन्सोजीच्या चिठ्ठ्यांत वाईट भविष्य निघायचं प्रमाण बरंच आहे, मावशीला वाईटच निघालं, तिचा चेहरा उतरला, पण तिथे त्यासाठी दांड्या असतात, चिठ्ठी त्यावर बांधून ते भविष्य तिथेच सोडून यायचं. हे सांगितल्यावर तिने इतकी घट्ट गाठ मारली की बास.

बौद्ध देऊळ आणि शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं मंदिर यातला फरक समजून घ्या, वागण्याची रीत वेगळी आहे. शिंतो मंदिराला दारात तोरी म्हणजे कमान असते, आत जाताना वाकून नमस्कार, आणि मधोमध चालायचं नाही कारण मधली वाट देवाची. पाण्याच्या टाकीशी पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग तळहातावर पाणी घेऊन चूळ, पळीला तोंड लावायचं नाही. मग देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. आईला यात काहीच वेगळं वाटलं नाही, ती म्हणाली आपण पाय धुऊन घंटा वाजवतो तसंच आहे की.

सेन्सोजीपासून दहा-बारा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथे टुरिस्ट फारसे नसतात पण मराठी माणसाने तिथे जावंच. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेला. मूर्ती गुप्त ठेवतात, दर्शन होत नाही. आणि नैवेद्य काय, तर मुळा! आख्खा पांढरा जाडजूड मुळा, तिथेच विकत मिळतो, तो घेऊन देवापुढे ठेवायचा. देवळावर सगळीकडे मुळ्याची आणि पैशाच्या थैलीची चिन्हं कोरलेली. आईने मुळा वाहिला, अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हणून घेतलं, आणि आम्ही बराच वेळ तिथे नुसत्या बसून राहिलो.

दुपारी मात्र वाईट झालं. एका उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड नूडल्सच्या दुकानात मी मेनूवरचा फोटो बघून भाज्यांचं उदोन मागवलं. वर गाजर, पालक, मशरूम, मांस-मासे दिसत नव्हते. आईने अर्धा वाडगा खाल्ला, चांगलं आहे म्हणाली, आणि मला उगाच शंका आली म्हणून फोनच्या ट्रान्सलेटरवर विचारलं तर रस्सा कात्सुओबुशीचा, म्हणजे बोनिटो नावाच्या वाळवलेल्या माशाचा. यालाच दाशी म्हणतात. आईने चमचा खाली ठेवला. एक शब्द बोलली नाही, मला रागावली पण नाही, पण संध्याकाळी हॉटेलवर तिने काही खाल्लं नाही आणि लवकर झोपली. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. चूक पूर्ण माझी होती, मी वाचलं होतं पण गांभीर्याने घेतलं नव्हतं.

म्हणून नीट सांगते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ते बहुतेक वेळा माशाचं. मिसो सूप, उदोन, सोबा, उकडलेली भाजी, तोफूवरचा सॉस, तांदळाची इनारी सुशी, सगळ्यात असू शकतं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की ते मांस काढतात, माशाचा रस्सा त्यांच्या हिशोबात येतच नाही. लपवत नाहीत हो, त्यांना ते मीठ घातल्यासारखं वाटतं. त्या रात्री मी रिसेप्शनवरच्या मुलीकडून एक कार्ड लिहून घेतलं, जपानीत, की आम्ही मांस, मासे, कोळंबी-शिंपले खात नाही आणि माशाचं दाशीही चालत नाही, समुद्री शेवाळाचं कोंबू दाशी किंवा शिइताके मशरूमचं दाशी चालेल. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. नुसतं 'नको' म्हटलं की ते घाबरतात आणि नाही सांगतात, काय चालेल हे सांगितलं की विचार करायला लागतात. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आधी 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणून कार्ड पुढे करायचे. दहातल्या सहा ठिकाणी वाकून माफी मागून नाही म्हणाले, पण चार ठिकाणी मनापासून काहीतरी करून दिलं.

दिवस तिसरा - मेइजी मंदिर आणि निशी-कासाई

सकाळी ऑफिसच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे साडेसात ते साडेनऊ, ट्रेन टाळा. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना गर्दीचं काही नाही पण इथे गर्दीत पण शांतता असते, कोणी फोनवर बोलत नाही, फोन सायलेंट. मावशीला पुण्याहून फोन आला तर तिने उचलून हळूच 'नंतर करते' म्हटलं तेवढंसुद्धा सगळ्या डब्यात ऐकू गेलं. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकाला गेलात की उजवीकडे. समोरचे जसे उभे असतील तसं उभं राहा, सोपं.

मेइजी मंदिर सुंदर, भर शहरात दाट झाडी. जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. शिबुयाचा चौक पाहिला. शिंजुकू स्टेशनला मात्र कुठल्या नंबरच्या एक्झिटने बाहेर पडायचं हे आधी बघूनच उतरा, २०० च्या वर एक्झिट आहेत आणि चुकीच्या बाजूला निघालात तर वीस मिनिटं चालणं, सोबत म्हातारं माणूस असेल तर हाल.

कचऱ्याचं पण सांगते. रस्त्यात कचरापेट्या जवळपास नाहीतच, १९९५ मधे टोकियोच्या मेट्रोत झालेल्या सरीन या विषारी गॅसच्या हल्ल्यानंतर बऱ्याच ठिकाणच्या काढून टाकल्या. पर्समधे एक प्लॅस्टिक पिशवी ठेवा, दिवसभराचा कचरा त्यात आणि रात्री हॉटेलवर.

संध्याकाळी आईसाठी निशी-कासाईला गेलो. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांचा, आयटीतले खूप लोक इथे राहतात. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मधे याच एदोगावा वॉर्डाच्या निवडणुकीत निवडून आले, भारतात जन्मलेला माणूस जपानमधे निवडून यायची ती पहिलीच वेळ. स्टेशनबाहेर दोन बायका मराठीत भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या, आई थबकलीच. त्यांनीच चांगली जागा सांगितली. गरम वरणभात मिळाला, आईने दोनदा घेतला. आणि हो, परतीची ट्रेन बघून ठेवा, मध्यरात्रीच्या सुमाराला गाड्या बंद होतात त्या पहाटे पाचपर्यंत, आणि टॅक्सी फार महाग.

दिवस चौथा - बॅगा पुढे, आम्ही हाकोनेला

आता सामान. शिनकान्सेनमधे बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर मागची खास सीट आधी बुक करावी लागते, नाहीतर १,००० येन दंड. आपली मोठी इंटरनॅशनल बॅग त्यात अडकू शकते, आधी मोजून बघा. शिवाय स्टेशनांत लिफ्ट असते पण कुठल्या तरी टोकाला असते. आम्ही तिघींत दोनच मध्यम बॅगा आणि प्रत्येकीला पाठीवरची सॅक इतकंच नेलं, आणि त्या दोन बॅगा पण ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या कुरियरने पाठवल्या. ही जपानमधली मला सगळ्यात आवडलेली सोय. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर स्लिप भरायची, पुढच्या हॉटेलचं नाव-पत्ता-फोन आणि तिथे पोचायची तारीख, आकारानुसार एका बॅगेला दोन-तीन हजार येन, बॅग दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात हजर. मधल्या एका रात्रीचे कपडे आणि औषधं सॅकमधे. औषधं कधीही बॅगेत पाठवू नका.

उएनोहून ओदावाराला थेट साधी लोकल मिळते, दीड तास, सुइकावरच. तिथे हाकोने फ्रीपास घेतला की डोंगरातली छोटी ट्रेन, केबल कार, रोपवे, आशी तलावातली बोट सगळं त्यात. छोटी ट्रेन आपल्या माथेरानच्या गाडीची आठवण करून देते, फक्त ही चढावर थांबून उलट्या दिशेने जाते आणि ड्रायव्हर-गार्ड जागा बदलतात. ओवाकुदानीला जमिनीतून गंधकाची वाफ येते, तिथे उकडून काळी झालेली अंडी मिळतात, एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे. मावशीने दोन खाल्ली. श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी तिथे जपून.

रात्री र्योकान, म्हणजे जपानी पद्धतीचं राहणं. दारात बूट काढायचे, आत सपाता, तातामी चटईवर सपाता पण काढायच्या, टॉयलेटच्या सपाता वेगळ्या त्या तिथेच सोडून यायच्या. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालताना डावी बाजू वर यायला पाहिजे, उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात. तसंच भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, या दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या. आईला ते लगेच पटलं, आपल्याकडे पिंडाच्या भाताचं जसं असतं तसं.

ओनसेन म्हणजे गरम झऱ्याची आंघोळ. बायका-पुरुष वेगळे, पण कपडे पूर्ण काढावे लागतात, पोहण्याचा ड्रेस चालत नाही. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ, केस वर बांधायचे, मग पाण्यात उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आई-मावशी तयार होईनात. मग कळलं की तासभर फक्त कुटुंबाला वापरायला खासगी कुंड मिळतं, ते घेतलं. दोघी बहिणी त्या वाफेत बसून त्यांच्या लहानपणच्या वज्रेश्वरीच्या गरम कुंडांच्या आठवणी काढत राहिल्या. बुकिंग करतानाच असं कुंड आहे का विचारा. टॅटू असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, तेही विचारा.

दिवस पाचवा - शिनकान्सेन

ओदावाराला शिनकान्सेनमधली सगळ्यात जलद नोझोमी गाडी थांबत नाही, कोदामा किंवा काही हिकारी गाड्या थांबतात, वेळ बघून हिकारीच घ्या, लवकर पोचते. क्योटोकडे जाताना उजवीकडची दोनची रांग, त्यातली ई सीट, तिथून फुजी दिसतो. आम्हाला शिन-फुजी स्टेशनच्या आसपास पाच मिनिटं आख्खा दिसला, वर बर्फ, एकही ढग नाही. मावशी नुसती हात जोडून बसली होती. ट्रेनमधे जेवायला हरकत नाही, आम्ही दशम्या-चटणी खाल्ली, फक्त वासाचं काही नको.

क्योटोला बॅगा खोलीत आमची वाट बघत होत्या.

दिवस सहावा - क्योटो

फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं आणि तिकीट नाही. क्योटो स्टेशनवरून जेआरने दुसरं स्टेशन. सकाळी साडेसहाला गेलो. त्या केशरी तोरी लोकांनी आणि कंपन्यांनी दान दिलेल्या, उतरताना मागच्या बाजूला नावं दिसतात. वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास आणि सगळ्या पायऱ्या, आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. इनारी ही भाताची देवता, कोल्हा तिचा दूत.

बसमधे मागून चढायचं, पुढून उतरायचं, उतरताना पैसे, २३० येन. शहरातल्या बसला मोठ्या बॅगा घेऊन चढू नका, गर्दी फार आणि तिथल्या लोकांना खरंच त्रास होतो. गिऑन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरायला आणि फोटो काढायला बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. कामावर निघालेल्या मायकोच्या, म्हणजे गेइशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या मागे कॅमेरे घेऊन धावणारे लोक बघितले, मला फार लाज वाटली. असं करू नका.

गिऑनमधेच एका जुन्या मिठाईच्या दुकानात सेइजो कांकिदान मिळाला. कांकिदान म्हणजे त्याच कांगितेनचा, आपल्या गणपतीचा नैवेद्य. हुबेहूब तळलेला मोदक, वर चुण्या घालून बांधलेला, आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, त्यात दालचिनी, लवंग, तिळाच्या तेलात तळलेला. मासा नाही, अंडं नाही. आईने दुकानातच हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. चुण्या मोजल्या! कडक असतो, हॉटेलवर जरा गरम करून खाल्ला. तिकडे मुळा आणि इकडे मोदक, देव तोच हे तिला फार आवडलं.

दिवस सातवा - नारा

क्योटोहून पाऊण तास. हरणं मोकळी फिरतात, २०० येनला त्यांची बिस्किटं मिळतात, वाकून नमस्कार केला की हरीण पण मान वाकवतं. पण बिस्किटं हातात घेऊन रेंगाळू नका, ढुशा देतात, कपडे ओढतात, मावशीच्या हातातला कागदी नकाशा खाल्ला. देऊन झालं की दोन्ही मोकळे तळहात दाखवायचे, मग निघून जातात.

तोदाईजी देवळातला बुद्ध १५ मीटर उंच आहे. ७५२ साली त्याचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. तेवढ्या लांबून, त्या काळात, समुद्रातून आलेला माणूस. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्याच्या जेवणाचं काय केलं असेल गं.

संध्याकाळी क्योटोहून बॅगा थेट कानसाई विमानतळावर पाठवल्या. विमानतळासाठी दोन दिवस हातात ठेवून पाठवा, दुसऱ्या दिवशीचा भरवसा धरू नका.

दिवस आठवा - कोयासान

हा दिवस मी दुसऱ्या दिवशीच्या उदोननंतर बदलला. आधी हिरोशिमा ठरलं होतं. कोयासान म्हणजे डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव, ८१६ साली कूकाई या भिक्षूने स्थापलेलं. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई ट्रेन, शेवटी केबल कार, मग बस. साधारण ८०० मीटर उंची, नोव्हेंबरात हात गारठतात, स्वेटर-मोजे हवेत. मठातच राहायचं, त्याला शुकुबो म्हणतात, असे ५० च्या आसपास मठ आहेत. आणि तिथलं जेवण म्हणजे शोजिन र्योरी, भिक्षूंचं शाकाहारी जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण पण नाही, थेट चातुर्मासातलं जेवण. दाशी कोंबू आणि शिइताकेचं.

संध्याकाळी साडेपाचला एका तरुण भिक्षूने लाल लाखेच्या चौरंगांवर ताटं आणून ठेवली. तिळाचा तोफू, वाळवलेला कोया-तोफू, भाज्यांचा तेंपुरा, लोणचं, सार, भात. मी सवयीने कार्ड काढायला लागले तर तो हसला आणि हात हलवून 'दाइजोबु' म्हणाला, म्हणजे काही काळजी नाही. आई आठ दिवसांत पहिल्यांदा काही न विचारता जेवली. प्रत्येक वाटी पुसून संपवली. मी तिच्याकडे बघत बसले होते, माझं सार निवून गेलं.

जेवणाआधी दिवसाउजेडी ओकुनोइन पाहिलं होतं. उंच देवदारासारख्या झाडांतून दोन किलोमीटरची वाट, दोन्हीकडे दोन लाखांच्या वर समाध्या. बऱ्याच समाध्या पाच दगडांच्या, खालून वर पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश, म्हणजे आपली पंचमहाभूतं, आणि त्यावर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली. शेवटच्या पुलापुढे फोटो नाही, टोपी काढायची, खाणं-पिणं नाही. तिथे कूकाई अजून समाधीत बसलेत अशी श्रद्धा आहे आणि त्यांना रोज दोनदा जेवण नेतात. कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मधे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अनावरण केलेला. तिथे जाऊन नमस्कार केला. एवढ्या लांबच्या डोंगरावर बाबासाहेब भेटले, मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवस नववा - परत

सकाळी सहाची प्रार्थना चुकवू नका, थंडीत उठायला जिवावर येतं पण मंत्र ऐकताना मधेच ओळखीचा शब्द कानावर पडतो. मग बस, केबल कार, ट्रेन, तेंगाचायाला गाडी बदलून कानसाई, तीही नानकाईचीच. विमानतळाच्या काउंटरवर स्लिप दाखवली, दोन्ही बॅगा मिळाल्या. सुइकावर उरलेल्या पैशांची पाणी-बिस्किटं घेतली. तिळाच्या तोफूची पाकिटं चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत जेल म्हणून काढून घेऊ शकतात.

आईने निघताना कोयासानच्या दुकानातून कोंबूची दोन पाकिटं घेतली होती, एक स्वतःला, एक मावशीला. गेल्या आठवड्यात तिने टोमॅटोच्या सारात त्याचा बोटभर तुकडा टाकून उकळला, काढून घेतला, वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि मला फोन करून विचारलं, पुढच्या वेळी आणखी आणता येईल का गं.